सेल बदलताना

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते यवतमाळच्या एसटी स्टँडमागे घड्याळं दुरुस्त करणाऱ्या काकांचे. गिऱ्हाईक नसलं की ते एक जुना जपानी व्हिडिओ गेम खेळत. त्यातली मुलगी वनस्पती आणि खनिजं कढईत शिजवून औषधं बनवते. बारा वर्षं खेळूनही काकांना त्यात नवं औषध सापडायचं. माझी महागावची गाडी येईपर्यंत ते मलाही खेळू देत, पण प्रत्येक वस्तूची इंग्रजी माहिती मोठ्यानं वाचल्याशिवाय ती कढईत टाकू देत नसत. "घाई कायले करून राह्यला बाबू? वाच, मंग टाक." माझं इंग्रजी तिथंच सुधारलं.

एकदा गेमच्या कॅसेटमधला, खेळ साठवून ठेवणारा सेल संपत आला. तो नुसता काढला असता, तर बारा वर्षांचा खेळ पुसला गेला असता. म्हणून काका सेल बदलेपर्यंत मी दुसऱ्या सेलच्या दोन तारा कॅसेटला टेकवून धरायच्या होत्या. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं. "हालू नको बे." माझी बोटं घामेजली. एक तार क्षणभर सुटली. मी ती गुपचूप परत टेकवली.

गेम सुरू केला, तर सगळं कोरं. काकांनी डोळ्यावरचं भिंग काढून ठेवलं. मग म्हणाले, "नवा सेलच खराब निघाला वाटते. घे, पयल्यापासून वाच."

मी वाचलं.

पदवी मिळाली तेव्हा त्यांना पत्र पाठवलं: "काका, मी पास झालो. सेल चांगला होता. तार माझ्या हातून सुटली होती. तुमच्या डोळ्याला भिंग होतं, म्हणजे तुम्हाला ते तेव्हाच दिसलं होतं ना?"