रंगमंचाला पाठ

गणपतीत बुवापाड्यात हौशी मंडळांची छोटी नाटकं व्हायची. एक गृहस्थ प्रत्येक नाटकाला यायचा, रंगमंचाकडे पाठ फिरवून शेंगा सोलत बसायचा आणि कोण हसतंय तेवढं बघायचा. बोलायला लागला की आधी ‘सहज विचारतो’. कारखान्यातल्या साहेबाला हाच बातम्या पोचवतो, असा आमचा वहीम होता. म्हणून आमच्या नाटकातली साहेबाची नक्कल मी ऐनवेळी गाळली. नोकरी सगळ्यांनाच हवी होती.

प्रयोग संपल्यावर तो पडद्यामागे आला. माझ्या हातावर शेंगा ठेवल्या.

"सहज विचारतो भाऊ, साहेबाची नक्कल का गाळलीत? चांगली जमली होती."

ती नक्कल आम्ही चौघांनी फक्त तालमीत केली होती, तीही दाराला कडी लावून.

नंतर चौघं चहाला बसलो, पण कुणी कुणाकडे बघेना.