मान हलवायचा व्यायाम

गेल्या महिन्यात एका सकाळी, उदगीरला आमच्या गल्लीत टँकर आला म्हणून घागर घेऊन उठलो आणि घर फिरायला लागलं. भिंत, दार, पंखा, सगळं एकाच बाजूला धावत होतं... जमीन धरून बसलो. उलट्या सुरू झाल्या.

माझी बायको, मंगल, गेली; आमच्या रीतीनं तिला मातीत समाधी देऊन तेव्हा थोडेच दिवस झाले होते. त्यामुळे सगळ्यांनी एकच निदान केलं, दुःखानं आलेली चक्कर. थोरली बहीण, आक्का, घरीच होती. मला ती लहानपणापासून बसू म्हणते. "बसू, उठायचं न्हाई, पडून राहा," म्हणाली.

मी पडून राहिलो. भेटायला येणारे पाण्याचं बोलायचे, उदगीर जिल्हा झाला की मोठा दवाखाना इथंच येतो म्हणायचे. मी डोळे मिटून ऐकायचो. डोळे उघडले की पुन्हा तेच.

शेवटी भाच्यानं लातूरला नेलं. कानाचे डॉक्टर म्हणाले, एका कानातली तोल सांभाळणारी नस अचानक बंद पडली आहे. आता एकाच कानाकडून खबर जाते, म्हणून मेंदूला वाटतं आपण फिरतोय. नस सुधारेलच असं नाही... पण मेंदू एका कानावर चालायला शिकतो. पडून राहिलात तर मात्र शिकायला फार वेळ लावेल.

व्यायाम साधा होता. भिंतीवरच्या एका गोष्टीवर नजर ठेवायची आणि मान डावीकडे-उजवीकडे हलवायची. आमच्या भिंतीवर मंगलचा नवा लावलेला फोटो होता. कपाळावर विभूती, थोडंसं हसू.

मी मान हलवली की फोटोही हलायचा. मळमळायचं, तरी करत राहिलो. एकदा आक्कानं दारातून पाहिलं आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली.

"असं नको नको म्हणून ती वापस येणार हाय का रे?"

व्यायाम आहे म्हणून सांगितलं, तर माझ्यावरच चिडली. "आधी सांगायचं की बाबा! मी समद्या गल्लीला सांगून बसले, बसू फोटोसंगं भांडून राहिलाय म्हणून!" मंगल गेल्यापासून आम्ही दोघं पहिल्यांदा हसलो.

आता भिंत न धरता चालतो. परवापासून मान कितीही हलवली तरी फोटो हलत नाही. डॉक्टर फोनवर म्हणाले, छान, मेंदू शिकला.

त्यांचे आणि आक्काचे आभार मानायलाच हवेत. पण खरं सांगतो, आनंद झाला नाही. फोटो हलायचा तोवर वाटायचं, मी नको म्हणतोय आणि तीही समोरून नको म्हणतेय... आता ती अगदी स्थिर आहे.

व्यायाम बंद केला तरी चालेल, असं डॉक्टर म्हणाले. मी अजून रोज फोटोसमोर उभा राहतो, मान हलवतो. आता आक्काला वाटलं होतं, तेच खरं आहे.