रुपीबाईची घुंगरमाळ

फुलसावंगीकडच्या डोंगरातल्या तांड्यावर रुपीबाई सुईण होती, आणि पावसात चढ-उतारावर पळण्यात तिचा हात धरेल असा गडी पंचक्रोशीत नव्हता. घागरा कमरेला खोचायचा, टाच टेकवायची नाही, चवड्यांवर निघायचं. पहिलटकरणीला ती आधीच बजावून ठेवी, "उगाच जोर लावून जीव दमवू नोको. माह्या वाळ्यांचा आवाज आला, का मंग लाव." बायका बिचाऱ्या कान देऊन पडून राहत.

एकसष्ट सालच्या श्रावणात तिचा नवरा हिरासिंग गेला. रिवाजाप्रमाणे पायांतले वाळे, केसांत लोंबणारे चांदीचे दागिने, घुगऱ्या, सगळं उतरलं. दुखवटा सरला नव्हता, तोच डोंगरापलीकडचा मारोतराव चिंब भिजून दारात उभा राहिला.

"मावशी, माही बायको कोकिळा अडली हाये. दुसऱ्या कोनाले हात लावू देत नाही. चाला!"

रुपीबाई निघाली. तांड्याबाहेर पळत सुटली आणि थबकली. पायांचा आवाजच नव्हता, नुसती चिखलाची फचफच. तिकडे कोकिळा कान देऊन पडली असणार, आणि तसं शिकवलं होतं तिनेच.

ती तशीच मागे फिरली, दिराच्या गोठ्यात शिरली आणि बैलाची घुंगरमाळ काढून गळ्यात घातली. दीर धरमसिंग आडवा आला.

"वहिनी, नवरा गेलेली बाई घुंगरू घालते काय?"

"बैलाचे हायेत ना? बैल कधी रंडका झाला काय? सरक."

चढणीला वाटेचा पार ओहोळ झाला होता. मारोतराव धापा टाकत मागेच राहिला. उतारावर ती दोनदा आपटली. गाव दिसताच मात्र ती मुद्दाम धपाधपा पाय आदळत पळाली. हलकं पळण्याचा जन्माचा तोरा त्या दिवशी गेला.

"आली वं, मावशी आली!" घरातून कोकिळा ओरडली.

माळ उतरवायला फुरसतच मिळाली नाही. मुलगी घुंगरांच्या आवाजातच जन्मली. तिला पुसता पुसता रुपीबाई हसली आणि मग नवऱ्यामागे इतके दिवस न आलेलं रडू तिला एकदम आलं.

परतल्यावर तिने माळ गोठ्यात नेऊन बैलाच्या गळ्यात घातली. सकाळी उठून पाहते, तर ती तिच्याच दाराच्या खुंटीला लटकलेली. त्या पोळ्याला धरमसिंगाचा बैल ओक्या मानेनेच मिरवला.