आराखड्यात न बसलेल्या बाभळी

वारज्यातल्या तिसऱ्या मजल्यावर बसून मी शेती शिकलो. झाडं, पिकं आणि जनावरं एकाच रानात कशी नांदवायची, याचा वर्ग होता. दोन शनिवार-रविवार, लॅपटॉपवर. प्रमाणपत्र आलं ते बायकोला दाखवलं. "छान. आता गॅलरीतल्या तुळशीला पाणी घालायला हरकत नाही," ती म्हणाली.

शहराबाहेर माझी एकरभर जमीन आहे. ती बघायला एक मावशी तिथंच राहतात. त्यांच्या चार शेळ्या होत्या, आणि बांधावर पाच वेड्यावाकड्या बाभळी. माझ्या आराखड्यात शेवग्याची ओळ हिरवी, हादग्याची निळी. बाभूळ कुठल्याच रंगात नव्हती, म्हणजे ती जायला हवी, एवढं मला कळत होतं.

मावशी म्हणाल्या, "दादा, उन्हाळ्यात गवत नसतंय. शेळ्या ह्या शेंगांवरच निघत्यात. ऱ्हाऊ द्या की."

मी चक्क बांधावर लॅपटॉप उघडला. शेळ्यांचा चारा मी धरला होता हो, तिसऱ्या वर्षापासून! मावशी पडद्याकडे बघत गप्प राहिल्या. मला वाटलं, पटलं. चार बाभळी पाडल्या. पाचवी मोजणीत शेजाऱ्याच्या हद्दीत निघाली, म्हणून वाचली.

उन्हाळ्यात वर्गातली मंडळी रान बघायला येणार ठरलं. रोपं गुडघ्याएवढी झाली होती. ओळींमधली ज्वारी काढून झाली होती, पण धसकटं पीक म्हणून खपली असती. राहिली जनावरं. मी आदल्या दिवशी मावशींना फोन केला, "उद्या शेळ्या जरा धुऊन आणा."

"शेळ्या न्हाईत दादा. मागल्या बाजारी इकल्या. खायाला काय घालू?"

मी फोन ठेवला. आणि तरी, अक्कल बघा, मी कार्यक्रम रद्द केला नाही.

मंडळी आली. ऊन असं की माझ्या रोपांकडे कुणी फिरकलंच नाही. सगळे शेजाऱ्याच्या बाभळीखाली दाटीवाटीनं उभे राहिले, तिथंच मी माहिती दिली. मावशी सगळ्यांना पाणी देत होत्या. एकानं विचारलं, "सर, तुमची जनावरं कुठायत?"

मी घसा साफ करीत होतो, तेवढ्यात मावशीच म्हणाल्या, "हायत की. दादांच्या कम्प्युटरात."

सगळे हसले. मावशी हसल्या नाहीत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मान खाली घातली तर बुटांखाली शेंगांचा सडा होता, आणि खायला कोणी नव्हतं.