दोन चुलींचं घर

१९६२, श्रावणातला एक शनिवार. कानडी मुलखातल्या शहरात, चिकपेटेतल्या जुन्या मराठी कापडवाल्यांच्या घरी हजर: घरच्या अक्का, आमचे प्राध्यापक आणि माझ्या प्रबंधाची प्रश्नावली घेऊन मी. कोऱ्या कापडाच्या खळीचा वास आला की ती दुपार आठवते. शहरात एकत्र कुटुंब मोडतं, हा सरांचा सिद्धांत. दोन चुली दिसताच ते म्हणाले, "लिहा, विभक्त." अक्का कडाडल्या, "स्वल्प थांबा! दुसरी चूल सासूबाईंच्या सोवळ्याची. एका पंगतीतली ताटं मोजा, चुली काय मोजता!" मी 'एकत्र' लिहिलं. "मग प्रबंधावर माझी सही विसरा," सर म्हणाले. "विसरले," मी म्हटलं. "सिद्धांतानं प्रश्न सुचवावा, सर. उत्तर अक्काच देणार." पदवी गेली, त्याची खंत नाही. कुटुंब म्हणजे काय, याची नवी व्याख्या मात्र मला अजून लिहायची आहे.