न फुटलेले कप

वासंतीताई गेल्याची बातमी सोसायटीच्या ग्रुपवर आली ती एका चित्रासह. काळा वाडगा, त्यावर सोनेरी भेगा आणि खाली वाक्य : ‘तुटण्यातही सौंदर्य असते.’ वाडगा ताईंचा नव्हता, वाक्यही त्यांचे नव्हते. त्यांच्या निधनाचा उल्लेख त्याखाली होता... इतरांनी हात जोडल्याचे चिन्ह पाठवले होते, म्हणून मीही तेच पाठवले.

कर्वेनगरात त्या आमच्या वरच्या मजल्यावर एकट्या राहत. आयुष्यभर जपानी भाषा शिकवली आणि फुटलेली भांडी सांधण्याची तिकडची विद्या, किन्त्सुगी, हातात बसवली. निवृत्तीनंतर, काही नवे शिकण्याचे वय उलटून गेल्यावर, मी भीत भीत त्यांच्याकडे जाऊ लागलो. एका झाडाच्या चिकात मैदा कालवून त्या तुकडे जोडत, दमट पेटीत ते कित्येक आठवडे वाळू देत आणि सोन्याची पूड अगदी शेवटी, नाइलाज झाल्यासारखी भुरभुरवत. “हा चीक बिब्ब्याचा भाऊबंद आहे. अंगावर उतला की सगळं तत्त्वज्ञान विसराल,” असे त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावले. कोणी भांडे आणले की त्यांचा एकच प्रश्न असे, “यातून खाता का?” शोकेससाठी असेल तर भांडे परत. “मग बाजारातला गोंद पुरे.”

या विद्येचे आता आपल्या शहरात जे अवडंबर माजले आहे, ते पाहून मला शिसारी येते. दोन तासांत आटोपणाऱ्या कार्यशाळा, चिकाऐवजी चिकटद्रव्य, सोन्याऐवजी चमकी आणि वर मनाच्या जखमांवर प्रवचन. वाघोलीच्या अशाच एका कार्यशाळेला ताईंना प्रमुख पाहुण्या म्हणून बोलावले होते. मी सोबत गेलो होतो. प्रत्येकापुढे नवा कोरा कप आणि हातोडी. ताईंनी शेजारच्या तरुणाला विचारले, “अहो, याने तुमचं काय वाकडं केलंय?” संयोजिका लगबगीने म्हणाली, “ताई, आपल्या जखमांनाही सोनं लावता येतं ना!” “जखमेला हळद लावतात. सोनं सराफाकडे मिळतं,” असे म्हणून ताईंनी पर्स उचलली.

त्याच ताईंची स्मृतिसभा त्यांच्याच घरी भरली, तेव्हा त्यांची भाची शलाका हिने टेबलावर टॉवेल अंथरून त्यावर ताईंचे सहा कप मांडले होते. तुळशीबागेतले साधे पांढरे कप. रोजच्या वापरातले, एकालाही टवका नाही. शेजारी खलबत्त्यातला बत्ता. “आपण हे एकेक फोडायचे आणि सोन्याने जोडून मावशीची आठवण म्हणून घरी न्यायचे,” शलाका म्हणाली. जमलेल्यांचे डोळे पाणावले. एकालाही यात काही वावगे दिसले नाही. जिने आयुष्यभर फुटलेले सांधले, तिच्या घरातले धड ते फोडायला सगळे सुशिक्षित लोक रांगेत उभे राहिले. वयाचा मान म्हणून बत्ता माझ्या हातात आला.

चारचौघांत बोलणे मला कधीच जमलेले नाही. मी बत्ता खाली ठेवला, कप ट्रेमध्ये भरले आणि स्वयंपाकघरात जाऊन चहाचे आधण ठेवले. आले कुठे असते ते मला ठाऊक होते. पहिल्या सहांना चहा दिला, मग कप विसळून पुढच्या सहांना. लोक पीत राहिले, हळूहळू ताईंविषयी बोलू लागले... खरोखरच ताईंविषयी. शेवटी शलाका आत आली.

“काका, मग हे फोडायचे कधी?”

“फुटतील तेव्हा.”

मग तिने फडके घेतले आणि एकेक कप पुसून माझ्या हाती दिला. आता ते माझ्याकडे असतात. कामाच्या बाईंना मी त्यांना हात लावू देत नाही; नळाची धार बारीक ठेवून स्वतःच धुतो. मैदा कालवण्यापलीकडे माझे शिक्षण गेलेच नाही, आणि एखादा हातून निसटलाच, तर तो घेऊन वरच्या मजल्यावर जाण्यात आता अर्थ नाही...