परकीय हात आणि टेमघरचा वायरमन

माणसाची बदनामी त्याचे दुश्मन करतात, भाऊबंद करतात, फार तर शेजारी करतात. मी माझी स्वतःची केली. भर दिवसा, स्वतःच्या तोंडानं, ओरडून ओरडून केली, आणि जिथं करायला नको होती नेमकी तिथंच केली. हसू नका आधी. चहा घ्या, सांगतो. पण मध्येच कोणी "तुला कळलं कसं नाही?" असं विचारायचं नाही. ते विचारून विचारून आमच्या ताईनं माझे कान किटवलेत.

गोष्ट भिवंडीतली, ऐंशीच्या दशकातली. साल नेमकं सांगत नाही. सांगितलं की तुम्ही पंतप्रधान कोण होते ते ओळखणार, आणि मग वाद सुरू करणार. वादानंच तर माझं वाटोळं केलं.

मी तेव्हा वीज बोर्डात वायरमन होतो, राहायला टेमघरला. भिवंडीत वायरमन असणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला नाही कळायचं. गावात माणसांपेक्षा लूम, म्हणजे यंत्रमाग, जास्त. लाईट गेली की अख्खं गाव माझ्या नावानं शंख करणार. पण लाईट आली की, "दिलीप, बरं केलंस बाबा," असं म्हणणारा एक माईचा लाल मला आजवर भेटलेला नाही.

आई लवकर गेली, मला थोरल्या बहिणीनं, म्हणजे ताईनं वाढवलं, तिच्या लग्नानंतरही मी तिच्याकडंच राहायचो. तिनं वणवण करून माझ्यासाठी एक स्थळ शोधलं होतं. वडप्याची सुनंदा. शिकलेली मुलगी, बालवाडीत शिकवणारी. आम्ही तिला बघून आलो होतो. मला ती किती आवडली म्हणाल, तर तिथं हातात दिलेला रव्याचा लाडू मी तसाच हातात धरून टेमघरला आलो. खायचं भानच राहिलं नाही. आता तिकडून होकार यायचा होता, आणि तो काही येत नव्हता. ताई रोज दारात बघायची, मी रोज ताईच्या तोंडाकडं बघायचो.

अशा वेळी शहाण्या माणसानं गप्प राहावं. मी देशाची काळजी करत बसलो.

लूमच्या कारखान्यांमध्ये एक बोळ होता, तिथं अब्बासभाईचं चहाचं हॉटेल. दोन्ही बाजूंना लूमची खडखड अशी की कपातला चहासुद्धा हलायचा. शेजारच्याशी बोलायचं तर त्याच्या कानाला तोंड लावून ओरडायचं, आणि चार पावलांवरच्याला त्यातलं अक्षर ऐकू जायचं नाही. आमच्या भिवंडीत गुपितसुद्धा ओरडूनच सांगतात. एवढं लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

तिथं इस्माईलचाचा यायचे. यूपीचे, जुने कारागीर, पंतप्रधानांचे कट्टर भक्त. आणि मी? त्या दिवसांत पेपर उघडला की 'परकीय हात'. संप झाला, परकीय हात. दंगल झाली, परकीय हात. मी म्हटलं, हा हात एवढा सगळीकडं पोचतो, मग पंतप्रधानांच्या खांद्यावर नसेल कशावरून?

"चाचा, मैंने खुद टीव्ही पे देखा," मी त्यांच्या कानात ओरडलो. "परदेशी पाहुणे बैठे थे. पंतप्रधान हर बार बोलने से पहले बाजू के गोरे को देखते थे. उसको देखा, फिर बोला. जो आदमी बोलने से पहले दूसरे का मुंह देखता है ना, उसका दिमाग उसका नहीं होता."

"अरे, वो दुभाषिया होगा," चाचा म्हणाले. "उसकी सुने बगैर जवाब कैसे देगा?"

"वही तो चाल है."

'वही तो चाल है' याला जगात उत्तर नाही. तुम्ही वापरून बघा. मग मी पुढचे पुरावे काढले. गॉगल परदेशी, घड्याळ परदेशी. चाचांनी माझं मनगट धरून वर केलं. मुंबईहून हौसेनं आणलेलं माझंही घड्याळ परदेशीच होतं. मी बाही खाली ओढली आणि अब्बासभाईला आणखी दोन चहा सांगितले.

तर त्या दिवशी मी त्याच बोळात ड्युटीवर होतो. चिंचेची एक फांदी तारेवर टेकली होती, ती तोडायची होती. आमचे लोक शिडी घेऊन यायचे होते, म्हणून मी चाचांबरोबर बसलो. तेवढ्यात अब्बासभाई जवळ आला आणि माझ्या कानात ओरडला, "दिलीप, वो कोनेवाला तेरी इन्क्वायरी कर रहा है. पीता है क्या, किसके साथ उठता-बैठता है, नौकरी पक्की है क्या."

कोपऱ्यात एक गृहस्थ बसला होता. सफारी, काळा गॉगल, समोरचा चहा गार झालेला.

तुम्हाला कळलं ना? लगेच कळलं. मुलीकडचे लोक मुलाच्या कामावर गुपचूप माणूस पाठवतात, चहाच्या नाहीतर पानाच्या टपरीवर त्याची चौकशी करतात, ही आमच्याकडची जुनी पद्धत. ताईच्या लग्नाच्या वेळी भावजींच्या कारखान्याबाहेर काकांबरोबर मी स्वतः उभा राहिलो होतो, तोंडात पान कोंबून. म्हणजे मला माहीत नव्हतं असंही नाही. पण डोक्यात एकदा परकीय हात शिरला की वडपे कुठून आठवणार?

"सीआयडी है," मी चाचांना म्हटलं. "मेरे विचार ऊपर तक पहुंच गये."

चाचा म्हणाले, "सीआयडीवाला छाता लेके आता है क्या?" त्या माणसाच्या खुर्चीला खरंच छत्री लटकवलेली होती.

मग मी आणखी खोल विचार केला. हा सरकारचा माणूस नाही. हा तिकडचा, बाहेरचा. मी कोण? वायरमन. भिवंडीतली लाईन न् लाईन मला पाठ. भिवंडीची लाईट कायमची घालवली तर लूम बंद. लूम बंद तर कापड बंद. म्हणजे अर्धा देश उघडा. आणि त्यासाठी ते कोणाला गाठणार? मलाच. चाचा काहीतरी सांगायला तोंड उघडत होते, पण मी त्यांना बोलू दिलं तर ना.

मी चहाचे पैसे द्यायला गल्ल्याशी गेलो, तसा तो गृहस्थ उठला आणि सरळ माझ्याकडंच आला. माझं तोंड त्यानं कधी पाहिलं नव्हतं. माझ्या कानाशी वाकला.

"तुम्ही हितलेच का?"

"इथलाच."

"तो टेमघरचा दिलीप वायरमन, माणूस कसा हाय?"

मी ठरवलं, याला इथंच तोडायचा. दिलीप कुणाच्या उपयोगाचा नाही, असं पटवायचं.

"त्याच्या नादी लागू नका," मी म्हटलं. "पितो तो."

"कवा?"

"सकाळपासून."

"न् खांबावर चढतो तवा?"

"तेव्हा तर जास्तच. भीती वाटू नये म्हणून."

गृहस्थ खुर्ची ओढून खाली बसला. "नोकरी तरी पक्की हाय ना?"

"कसली पक्की? आज आहे, उद्या नाही. साहेब कंटाळलेत त्याला."

"घरचं वळन?"

"घरी असतो कुठं? एक बायको शहापूरला, एक पडघ्याला. या दोघींत बिचाऱ्याचा सगळा दिवस जातो."

त्यानं गॉगल काढला, पुसला, परत घातला. "न् त्याची ती बहीन? ती त लय गुन गात हुती त्याचं."

इथं तरी माझी ट्यूब पेटायला हवी होती. मी काय म्हटलं मनात? म्हटलं, बघा, या परक्यांची माहिती किती खोल असते, ताईपर्यंत पोचलेत. "ती साधी बाई आहे," मी म्हटलं. "तिला यातलं काही माहीत नाही."

गृहस्थाचा चेहरा पडला, तो परत आपल्या कोपऱ्यात जाऊन बसला. मला वाटलं, देश वाचला. मी छाती काढून चाचांकडं गेलो आणि त्यांच्या कानात, लूमच्या वरताण आवाजात ओरडलो, "चाचा, कैसा बनाया उसको? उस गधे को मालूम ही नहीं कि..."

आणि लाईट गेली.

भिवंडीत लाईट जाते तेव्हा नुसते दिवे जात नाहीत, आवाज जातो. सगळे लूम एकदम गप्प. त्या शांततेत माझं उरलेलं वाक्य सगळ्या बोळानं ऐकलं.

"...दिलीप वायरमन मैं ही हूं!"

समोरच्या कारखान्यातून एक कारागीर बाहेर आला. "मालूम है," तो म्हणाला. "लाईट कब आयेगी, वो बोल."

कोपऱ्यातला गृहस्थ उठला. छत्री घेतली. माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "जयभीम. मी वडप्याचा. सुनंदाचा मामा."

आणि लाईट घालवली कोणी, माहीत आहे? मी. सकाळी साहेबांना मीच सांगून आलो होतो की फांदी तोडायचीय, बरोबर बाराला त्या बोळाची लाईन बंद करा, उशीर नको. साहेबांनी आयुष्यात एकदाच माझं ऐकलं. कुठलाही परकीय हात नव्हता हो, माझाच होता.

मामांचे पाय धरावेत म्हटलं, तर आमचे लोक शिडी घेऊन हजर. लाईन बंद असेपर्यंतच फांदी तोडायची होती. मी वर चढलो. खाली चाचा मामांना शेजारी बसवून समजावत होते, मामा मान वर करून माझ्याकडं बघत होते. हा आत्ता पिऊन चढलाय का, हेच बघत असणार. खाली उतरलो तोवर मामा निघून गेले होते. चाचा म्हणाले, "मैंने सब साफ बता दिया. लड़का अच्छा है, सिर्फ इसके दिमाग में परदेसी घुस गये हैं. वो गोरेवाली बात भी बता दी."

घरी काय झालं ते तुम्हाला सांगायला हवं का? ताईनं सगळं ऐकून घेतलं, पदर खोचला.

"दोन बायका? आरं, तुला एक मिळावी म्हनून माझ्या चपला झिजल्या, न् तू बसल्या जागी दोन करून ठेवल्यास?"

"ताई, मला वाटलं तो परदेशी..."

"परदेशी? छत्री घेऊन वडप्याहून येस्टीनं आलेला मानूस परदेशी? तुला अक्कल हाय का न्हाय?" आणि मग ती खाली बसली, आणि तिचे डोळे भरून आले. तेव्हा मला खरंच मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणाली, "पोरगी चांगली हाय रं. आसं स्थळ परत मिळायचं न्हाय."

रविवारी आम्ही वडप्याला गेलो. वाटेत ताईनं बजावलं, "तुज्या पंतप्रधानाला कोन फिरवतो मला म्हायती न्हाय. आज तुला मी फिरवनार. इचारल्याबिगर तोंड उघडायचं न्हाय."

मामा समोर बसले. सुनंदा आतल्या दाराशी उभी. मी तिच्याकडं बघायची हिंमतच केली नाही.

"पिता का?" मामांनी विचारलं.

मी ताईकडं बघितलं. तिनं मान हलवली. "नाही," मी म्हटलं.

"नोकरी पक्की हाय?"

ताईकडं बघितलं. "पक्की."

"त्या दोघी? शहापूर न् पडघा?"

ताईकडं बघितलं. ती डोळे वटारून बसली होती. "नाहीत," मी म्हटलं. "कुणीच नाही."

मामांनी कप खाली ठेवला. "तुमचे ते चाचा सांगत हुते, तुमचं एक शास्तर हाय. जो बोलायच्या आधी दुसऱ्याच्या तोंडाकडं बघतो, त्याचं डोकं त्याचं नसतं. बरोबर ना?"

आणि मी, काय सांगू, ताईकडं बघितलं.

आतल्या बायका खदखदून हसल्या. मामाही हसले असतील, मी जमिनीकडं बघत होतो. एक सुनंदा तेवढी हसली नाही. ती पुढं आली.

"मामा, मला विचारू दे," ती म्हणाली. "मला एवढंच सांगा. मी तुम्हाला पसंत आहे, का ताईंना पसंत आहे म्हणून तुम्ही आलात?"

एवढा सोपा प्रश्न मला जन्मात कुणी विचारला नव्हता. उत्तर तोंडापर्यंत आलेलं होतं. आणि माझी ही मान, हिचं काय करावं, ती वळली की हो परत ताईकडं.

"माझ्याकडं काय बघतोस, मेल्या?" ताई ओरडली. "ती तिकडं हाय."

मग मी तिकडं बघितलं. बोलायचं होतं बरंच, निघालं भलतंच. "त्या दिवशीचा लाडू," मी म्हटलं, "मी हातात घेऊनच घरी गेलो. खायचा राहिला. टेमघरपर्यंत माझ्या लक्षातच आलं नाही."

सुनंदा म्हणाली, "जाताना बघितला मी तो तुमच्या हातात." आणि मग ती हसली.

मामांनी छत्री उचलून कोपऱ्यात ठेवली. "हे त्याच्या स्वताच्याच डोक्यातलं हाय," ते म्हणाले. "आसलं काय ताई शिकवनार न्हाय."

झालं लग्न. चाचा आले होते, जेवायला बसून मामांना पंतप्रधानांचं समजावत होते. पंतप्रधान बदलले, परकीय हात गेला, परत आला. मी आता कुणावर संशय घेत नाही. देशातल्या सगळ्या दुभाष्यांवर माझा पूर्ण विश्वास आहे.

हा किस्सा तुम्हाला सांगू का, हेही मी घरी विचारूनच आलोय. सुनंदा म्हणाली, "खुशाल सांगा. सीआयडी सांगा, दोन बायका सांगा. फक्त लाडवाचं तेवढं चारचौघांत सांगू नका."

ते तर मी सांगून बसलो. आता एक उपकार करा. तिनं विचारलं तर म्हणा, लूम चालू होते, काही ऐकू आलं नाही.